यकृतातील गाठ आणि प्रगत सोनोग्राफी

पित्ताशयातील खड्यांसाठी वा अन्य कारणाने पोटाची सोनोग्राफी केली असता यकृतात अनपेक्षितपणे गाठ आढळते, असा अनुभव आम्हांस वारंवार येतो. ‘गाठ’ हा शब्द कानी पडताच घरातील सर्वांच्या मनात कर्करोगाचीच शंका उभी राहते. वस्तुतः अशा पुष्कळ गाठी निरुपद्रवी असतात. परंतु तसे खात्रीने सांगण्यास पुरावा लागतो. तो मिळविण्याच्या एका प्रगत पद्धतीची ओळख आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांस व्हावी, यासाठी हे टिपण.

साध्या सोनोग्राफीची मर्यादा

साध्या सोनोग्राफीत गाठीचे स्थान व आकार समजतो, तसेच ती द्रवाने भरलेली आहे की घन, हेही कळते. डॉप्लर तंत्राने मोठ्या रक्तवाहिन्यांतील प्रवाह दिसतो. मात्र गाठीच्या केशवाहिन्यांतील अतिसंथ प्रवाह त्यास टिपता येत नाही, आणि निदानाची किल्ली बहुधा तेथेच असते.

सूक्ष्म बुडबुड्यांचे साहाय्य

कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत हाताच्या शिरेतून एक औषध अल्प प्रमाणात देतात. त्यात सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे, फॉस्फोलिपिडचे आवरण असलेले बुडबुडे असतात. त्यांचा सरासरी व्यास सुमारे २.५ मायक्रॉन, म्हणजे तांबड्या रक्तपेशीहूनही कमी असतो. ते रक्तवाहिन्यांतच राहतात, ध्वनिलहरींनी कंप पावतात आणि पडद्यावर उजळ दिसतात. पुढे हा वायू श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून मूत्रपिंडाच्या विकारामुळे सीटी स्कॅनचे औषध ज्यांना देता येत नाही, त्यांच्यासाठी ही तपासणी विशेष मोलाची ठरते. तीत क्ष-किरणही वापरले जात नाहीत.

यकृतास सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून व उरलेले धमनीतून मिळते. यकृतात उद्भवणारा कर्करोग मात्र प्रामुख्याने धमनीच्या रक्तावर पोसला जातो. या भेदामुळे गाठ केव्हा उजळते व केव्हा फिकट होते, यास महत्त्व येते. औषध दिल्यावर १० ते २० सेकंदांत धमनीचा टप्पा सुरू होतो. त्यानंतर पोर्टल शिरेचा टप्पा सुमारे २ मिनिटांपर्यंत चालतो आणि अखेरचा टप्पा ४ ते ६ मिनिटांपर्यंत असतो.

हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ कडेकडून उजळत हळूहळू मध्यापर्यंत भरते. सिरॉसिसच्या रुग्णातील कर्करोगाची गाठ प्रथम तेजस्वी दिसते आणि बहुधा ६० सेकंदांनंतर किंचित फिकी पडते. अन्य अवयवातून पसरलेली गाठ अनेकदा कडेने उजळून ६० सेकंदांच्या आतच काळवंडते.

सुरक्षितता आणि मर्यादा

हे औषध युरोपात २००१ पासून उपलब्ध आहे; यकृताच्या तपासणीसाठी अमेरिकेने त्यास २०१६ मध्ये मान्यता दिली. इटलीतील २३ हजारांहून अधिक तपासण्यांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात गंभीर प्रतिक्रिया केवळ २ आढळल्या. तथापि, औषधांची ॲलर्जी वा गंभीर हृदयविकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगणे आवश्यक आहे.

या पद्धतीने सहसा एका वेळी एकाच गाठीचा नीट अभ्यास होतो. स्थूल शरीर, आतड्यांतील वायू वा खोलवरची गाठ यांमुळे दृश्य अस्पष्ट होते. संपूर्ण यकृत पाहण्यास सीटी स्कॅन वा एमआरआय, आणि शंका उरल्यास बायोप्सी लागतेच.

गाठीपूर्वीची काळजी

इलॅस्टोग्राफी या दुसऱ्या तंत्राने यकृताचा ताठरपणा मोजता येतो व सिरॉसिसकडे होणारी वाटचाल ओळखता येते. सिरॉसिसच्या रुग्णाने दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ लहान असतानाच सापडल्यास उपचाराचे अधिक मार्ग खुले राहतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी आणि उपचार विनामूल्य मिळतात. रुग्णांनी त्याचा लाभ घ्यावा.

यंत्र देणगीतून येते. ते वाचणारी दृष्टी मात्र प्रशिक्षणातून व सरावातून घडते. दोन्हींस आपला आधार लाभला, तर भयभीत कुटुंबास लवकर व विश्वासार्ह उत्तर देणे आम्हांस शक्य होईल.