नकाशाच्या तक्त्यातील ओळी बदलताना आणि वगळताना

प्रश्न : गावातील विहिरींच्या नकाशाला जोडलेल्या तक्त्यात काही नोंदी जुन्या, तर काही दुबार आहेत. पायथन स्क्रिप्टने त्या दुरुस्त करणे वा वगळणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर : आर्कजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये या कामासाठी ‘अपडेटकर्सर’ हे साधन असून, कर्सर म्हणजे तक्त्यातील एकेका ओळीवरून क्रमाने पुढे सरकणारा निर्देशक होय. त्याला तक्त्याचे नाव, रकान्यांची यादी आणि ओळी निवडणारी अट दिली, की प्रत्येक ओळ यादीच्या रूपात हाती येते व तीत पहिल्या रकान्याचे स्थान ० असते. ‘खोली’ हा रकाना यादीत दुसरा असेल, तर स्थान १ वरील किंमत बदलावी लागते. मात्र ‘अपडेटरो’ ही आज्ञा दिल्याशिवाय तो बदल तक्त्यात उतरत नाही. ‘डिलीटरो’ चालू ओळ काढून टाकते आणि तिच्यासोबत विहिरीचा नकाशावरील बिंदूही जातो, म्हणून वगळण्याची अट आधी केवळ वाचणाऱ्या ‘सर्चकर्सर’वर तपासून पाहणे अत्यावश्यक ठरते.

नकाशा शेपफाइल या स्वरूपात साठवलेला असेल, तर अंकांच्या रकान्यात रिक्त किंमत साठवता येत नाही, तिच्या जागी बहुधा ० येतो. त्यामुळे ‘खोली ० असलेल्या ओळी वगळा’ ही अट माहिती न भरलेल्या खऱ्या विहिरीही पुसून टाकू शकते. कर्सर तक्त्याला कुलूप लावतो, ते वेळेवर सुटावे यासाठी तो पायथनच्या ‘विथ’ या रचनेत वापरावा आणि मूळ तक्त्याची प्रत घेतल्याखेरीज स्क्रिप्ट चालवूच नये.