उपघटक ३.४ : अंतराळयानातील डॉक्टर आणि एका निवडीचा पेच



मागील उपघटकात आपण जयंत नारळीकर यांच्या कथांच्या आधारे विज्ञानकथेचा एक निकष पाहिला : वैज्ञानिक कल्पना काढून टाकल्यास कथेतील पेचच उरणार नसेल, तर ती खरी विज्ञानकथा. हा निकष आता ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील ‘लेटंट इमेज’ या १९९९ साली प्रसारित झालेल्या भागाला लावून पाहू. आपण ही मालिका पाहिली नसली तरी हरकत नाही. आवश्यक तेवढे कथानक येथे दिले आहे.

व्हॉयेजर हे यान पृथ्वीपासून सुमारे ७०,००० प्रकाशवर्षे दूर भरकटले आहे. यानावरील डॉक्टर माणूस नाही. तो संगणकाने चालणारा होलोग्राम, म्हणजे प्रकाशप्रतिमा आहे. त्याला नावही नाही. एकदा हॅरी किम या तरुण अधिकाऱ्याची तपासणी करताना त्याला एका जुन्या शस्त्रक्रियेच्या खुणा दिसतात. पद्धत निःसंशय त्याची स्वतःचीच. पण ती केल्याचे त्याला आठवत नाही. शोधाअंती उलगडा होतो. दीड वर्षापूर्वी एका हल्ल्यात किम आणि जेटल नावाची तरुणी सारख्याच जखमी झाल्या होत्या. दोघांच्याही वाचण्याची शक्यता समान होती आणि वेळ एकाच शस्त्रक्रियेपुरता होता. डॉक्टरने किमला निवडले. जेटल मरण पावली. ‘किमच का?’ या प्रश्नाने डॉक्टर पुरता कोलमडला, तेव्हा कप्तान जेनवे हिने ती स्मृतीच पुसून टाकली आणि जेटलविषयी कोणी बोलू नये अशी व्यवस्था केली.

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे याने जखमींचा क्रम हुद्द्यावरून नव्हे, तर जखमेच्या गंभीरतेवरून ठरवला. आपत्कालीन वैद्यक आजही याच तत्त्वावर उभे आहे. परंतु दोन जखमा तंतोतंत सारख्या असतील तर हे तत्त्व मुके होते. कथाकारांनी नेमकी तीच स्थिती निर्माण केली आहे. किम डॉक्टरच्या अधिक जवळचा होता, आणि तेवढ्यानेच पारडे झुकले. नाणे उडवूनही कदाचित किमच वाचला असता. मात्र मग डॉक्टरला स्वतःला उत्तर देता आले असते.

आता शब्दांकडे वळू. मराठीत माणूस ‘बरा होतो’, यंत्र ‘दुरुस्त होते’. (‘तंदुरुस्त’ हा अपवाद वाटेल, पण त्यात दुरुस्त असते ते ‘तन’, म्हणजे शरीर.) डॉक्टरची तुलना जेनवे एका यंत्राशी करते. एकदा तो यंत्र ठरला की स्मृती पुसणे ही केवळ दुरुस्ती ठरते, आणि दुरुस्तीला संमती लागत नाही. तो रुग्ण असेल तर मात्र संमतीवाचून केलेला हा उपचार वैद्यकीय नीतीचा उघड भंग आहे. माझ्या मते जेनवेची ही कृती डॉक्टरच्या निवडीपेक्षा गंभीर आहे, कारण तिने जेटलचा मृत्यूही पुसला. आपला निकष येथे पूर्ण होतो : माणसाची आठवण अशी पुसता येत नाही, म्हणून ही कथा पृथ्वीवरील रुग्णालयात घडूच शकत नाही.

सत्य कळल्यावर डॉक्टर पुन्हा कोलमडतो. एकेकाळी सामूहिक मनाचा भाग असलेली सेव्हन ऑफ नाइन ही स्त्री कप्तानशी वाद घालते, आणि या वेळी जेनवे स्मृती पुसत नाही. डॉक्टर स्वतःशी झगडत असताना ती आणि सहकारी पाळीपाळीने त्याच्याजवळ बसून राहतात. शेवटी थकलेल्या जेनवेला ताप आल्याचे त्याच्या लक्षात येते आणि तो तिला विश्रांतीसाठी पाठवतो.

स्वाध्याय : शेवटच्या प्रसंगात रुग्ण कोण व वैद्य कोण, याची १०० शब्दांत चर्चा करा. उत्तर लिहिताना ‘दुरुस्ती’ आणि ‘उपचार’ हे दोन्ही शब्द आपण कोणासाठी वापरता, याकडे लक्ष द्या.