खाऱ्या वाऱ्यात स्वस्तातला पीसी

प्रश्न : व्हिडिओ एडिटिंग शिकतोय. ऑफिसातला जुना डेस्कटॉप घेऊन त्याचे पार्ट स्वतः बनवलेल्या प्लायच्या कॅबिनेटमध्ये बसवू का? बजेट फार कमी आहे.
– एक वाचक, वरळी कोळीवाडा

उत्तर : कॅबिनेट जरूर बनवा, पण ऑफिसच्या डेस्कटॉपचे पार्ट त्यात घालू नका. डेल ऑप्टिप्लेक्ससारख्या मशीनचा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय बहुधा वेगळ्याच मापाचे असतात. दुसरीकडे बसत नाहीत.

त्यापेक्षा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. त्यात ग्राफिक्स आतच असल्याने कार्डाचा खर्च वाचतो. रॅम मात्र १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घ्या. हे ग्राफिक्स रॅमवरच चालतं आणि दोन पट्ट्या मिळून जास्त वेग देतात. लॅमिंग्टन रोडला चार दुकानांत भाव विचारा. मॉनिटर, कीबोर्ड सेकंडहँड चालतील. पॉवर सप्लाय नवाच, बिलासकट. तिथे पैसे वाचवलेत तर तो जळताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो.

आता तुमची खरी अडचण, खारा वारा. मिठाची धूळ हवेतली ओल धरते आणि रॅमचे, कार्डाचे पितळी दिसणारे काठ हळूहळू काळवंडतात. मशीन समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका. हवा आत घेणाऱ्या पंख्यांवर बारीक जाळीचा फिल्टर लावा, तो दर पंधरवड्याला झटका. पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ चालू ठेवा. आतली ऊब दमटपणा घालवते. पीसीला रॅम दिसेनाशी झाली, तर प्लग काढून काठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

प्लाय मरीन ग्रेडचाच वापरा, कापलेल्या कडा रंगवा. मदरबोर्ड धातूच्या ट्रेवर बसवा आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या.