सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय : शिक्षणाचे मार्ग

आजारी पडल्यावर रुग्ण ज्या डॉक्टरकडे सर्वप्रथम जातो, तो बहुधा ‘जनरल प्रॅक्टिशनर’ असतो. त्याच्यासाठी किती व कोणते शिक्षण पुरेसे मानावे, हा आरोग्यनियोजनातील जुना वादविषय होय.

भोर समितीने 1946 मध्ये अहवाल सादर केला, तेव्हा देशातील सुमारे 47,500 नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ 30,000 डॉक्टर अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले ‘लायसेन्शिएट’ होते. हा अभ्यासक्रम बंद करून सर्वांसाठी एकच पदवी असावी आणि तीतून ‘मूलभूत डॉक्टर’ घडावा, अशी शिफारस समितीने केली. काही सदस्यांनी तिला विरोध नोंदवला होता, याकडे परीक्षार्थींचे सहसा दुर्लक्ष होते.

आजची एमबीबीएस पदवी याच संकल्पनेतून आलेली आहे. ‘नीट’द्वारे प्रवेश, साडेचार वर्षांचे शिक्षण, एक वर्षाची अनिवार्य आंतरवासिता व त्यानंतर नोंदणी, असा तिचा क्रम आहे. कायद्याच्या दृष्टीने एवढ्यावर स्वतंत्र व्यवसाय करता येतो. अडचण वेगळीच आहे. विद्यार्थ्याचे बहुतेक शिक्षण मोठ्या रुग्णालयात, विशेषज्ञांच्या हाताखाली होते. कौटुंबिक वैद्यक हा एमबीबीएसमध्ये स्वतंत्र परीक्षेचा विषय नाही. प्रत्यक्ष अनुभवासाठी असलेले आंतरवासितेचे वर्ष अनेकांचे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नांतच निघून जाते. विद्यार्थ्यांना दोष देऊन काय उपयोग? केवळ एमबीबीएस असणे हे अपुरेपणाचे लक्षण समाजानेच मानले आहे.

ब्रिटनमध्ये सर्वसाधारण व्यवसायासाठी पदवीनंतर स्वतंत्र प्रशिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडे ते ऐच्छिक आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा कौटुंबिक वैद्यकातील तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम, त्याच मंडळाची दोन वर्षांची पदविका आणि मोजक्या महाविद्यालयांतील एमडी हे त्याचे मार्ग होत. 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य व कौटुंबिक वैद्यक या शाखांना टप्प्याटप्प्याने पदव्युत्तर जागांपैकी एक चतुर्थांश जागा देण्याचा विचार मांडला होता. तो कागदावरच राहिला. 2017 च्या धोरणाला कौटुंबिक वैद्यकाच्या प्रसाराचा पुन्हा उल्लेख करावा लागला.

डॉक्टरांच्या तुटवड्यावर दुसरा उपाय म्हणजे मर्यादित परवाना. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, 2019 च्या कलम 32 मध्ये ‘सामुदायिक आरोग्य प्रदात्या’ची तरतूद आहे. त्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक असू शकत नाही. प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेतील विनिर्दिष्ट औषधेच ते स्वतंत्रपणे देऊ शकतात. आयुष्मान भारत योजनेतील ‘सामुदायिक आरोग्य अधिकारी’ हे पद याहून भिन्न आहे. तेथे प्रामुख्याने परिचर्या किंवा आयुर्वेद पदवीधर नेमले जातात. उत्तरपत्रिकेत या दोन संज्ञांची गल्लत टाळावी.

राज्यांच्या अधिकाराची मर्यादा आसामच्या प्रकरणातून समजते. ग्रामीण भागासाठी तीन वर्षांची वैद्यकीय पदविका सुरू करणारा त्या राज्याचा 2004 चा कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केला व जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. वैद्यकीय शिक्षणाचा किमान दर्जा ठरवणे हा केंद्राचा विषय आहे, हे त्यामागील कारण होते. या पदविकाधारकांना डॉक्टर न मानता आरोग्यसेवेत सामावून घेणारा आसामचा 2015 चा कायदा मात्र न्यायालयाने वैध ठरवला.