तेलाच्या कुपीचा लाल दिवा

नाथषष्ठी आठ दिवसांवर आली होती. पाहुण्यांची ने-आण करायची, म्हणून गाडीचं ऑइल बदलून घेतलं. त्या दिवसांत पैठणच्या गॅरेजांत गर्दी असते. काम संध्याकाळी घाईत उरकलं आणि मीही घाईतच गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डोळ्यांच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यायचं होतं.

सकाळी गाडी काढली, तर अंगणातल्या शहाबादी फरशीवर भाकरीएवढा तेलाचा डाग. काल भरताना सांडलं असेल, तेच रात्रभर निथळलं असेल, अशी मनाची समजूत घातली आणि निघालो.

पिंपळवाडी गेली, ढोरकीन मागं पडलं. मग समोर तेलाच्या कुपीचं चित्र असलेला लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला आणि लागलेलाच राहिला. गाडी तर नीट चालत होती. पाण्याचा काटाही जागेवर होता. कालच ऑइल बदललंय, म्हणजे दिव्याची वायर सैल झाली असणार, असा अर्थ मी काढला. बिडकीनला मिस्त्रीला दाखवू, असं ठरवलं.

थोड्याच वेळात आण्णा मागून म्हणाले, "आवाज बदललाय. थांबव बरं गाडी."

"आण्णा, बिडकीन आलंच की."

आण्णांनी विहिरीवरचं डिझेल इंजिन पंचवीस वर्षं चालवलं. हँडल मारण्याआधी ऑइलची पट्टी काढून पाहिल्याशिवाय त्यांनी ते कधी सुरू केलं नाही. त्यांच्या कानाला जे कळलं, ते मला समोर दिवा लागलेला असूनही कळलं नाही. टकटक वाढत गेली, तिचे ठोके झाले, गाडीची ओढ गेली आणि एक हिसका देऊन इंजिन बंद पडलं. मी आणखी दोनदा चावी फिरवली. स्टार्टर नुसता कण्हला.

बॉनेट उघडून पट्टी काढली, तर ती टोकापर्यंत कोरडी. वाकून पाहिलं, तर चेंबरच्या नटाची जागा रिकामी. हातानं बसवलेला नट पान्यानं आवळायचा राहिला होता. तो रात्रभर ठिबकला आणि रस्त्यात कुठंतरी गळून पडला. गाडी टोचन करून न्यावी लागली. इंजिन उघडलं, तेव्हा कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं वितळून क्रँकला चिकटलेली दिसली. माझा दोन महिन्यांचा पगार त्यात गेला. आण्णांची तपासणीही पुढं ढकलावी लागली, त्याची खंत अजून वाटते.

असं का होतं, हे मी त्यानंतर समजून घेतलं. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो. धातू धातूला टेकू नये म्हणून क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसाहून पातळ असा तेलाचा थर असतो. ऑइल पंप तिथं सतत दाबानं तेल पोचवतो. बैलगाडीच्या आसाचं वंगण संपलं, तर चाक आधी कुरकुरतं. इथं तेवढी सवड मिळत नाही. पाण्याचा काटा तर पाण्याची उष्णता सांगतो, बेअरिंगची नाही. म्हणून तो जागेवर असला, तरी त्यात दिलासा नाही.

दिव्यावर अविश्वास दाखवण्याची चूक जाणकारांकडूनही होते. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान मायामीहून नॅसोला निघालं. देखभालीच्या वेळी तिन्ही इंजिनांत तेल अडवणारी रबरी कडी बसवायची राहून गेली होती. एका इंजिनात तेलाचा दाब उतरला, म्हणून वैमानिकांनी ते बंद केलं. मग उरलेल्या दोन्ही इंजिनांचे काटे शून्यावर आले. तिन्ही इंजिनांचं तेल एकाच वेळी कसं संपेल, काटेच बिघडले असावेत, असं त्यांना वाटलं. पण तीही दोन्ही बंद पडली. सुमारे १३,००० फुटांपासून ४,००० फुटांपर्यंत विमान इंजिनाविना खाली येत होतं. आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि १७२ जण वाचले. ते इंजिन वेळीच बंद केलं होतं, म्हणूनच ऐन वेळी कामी आलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: दिवा खोटा ठरेपर्यंत खरा माना. तो लागला की रस्त्याच्या कडेला घ्या, गाडी थांबताच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत मात्र चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. दहा मिनिटांनी पट्टी पाहा. तेल कमी असेल, तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा. सुरू केल्यावर काही सेकंदांत दिवा विझला आणि खाली गळती नसेल, तरच जवळच्या गॅरेजपर्यंत जा. तेल पुरेसं असूनही दिवा जळत असेल, तर इंजिन लगेच बंद करा आणि मिस्त्रीला तिथंच बोलवा. कदाचित ऑइल स्विचच खराब असेल, पण ते दाब मोजून ठरवू द्या. आणि ठोके ऐकू आले असतील, तर चावीला हात लावू नका. नवीन तेल ओतून झालेली झीज भरून येत नाही.

ऑइल बदललं की गॅरेजमधून लगेच निघू नका. नट पान्यानं आवळलाय का, वायसर नवीन घातलाय का, हे विचारा. विचारण्यात मिस्त्रीचा अपमान नाही. इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, खाली वाकून पाहा, पाच-दहा मिनिटांनी पट्टी पाहा. तेल दोन खुणांच्या मधे हवं. वरच्या खुणेच्या पुढं भरलं, तर क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी पाहा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी तो लाल दिवा लागायला हवा आणि सुरू होताच विझायला हवा. आधी लागलाच नाही, तर तो गरजेच्या वेळीही लागणार नाही.

आता लांबच्या प्रवासाला निघताना आण्णा आधी दाराशी उभे राहतात आणि विचारतात, "पट्टी पाहिली का?" पाहिली नसेल, तर मी उतरतो. पट्टी पुसतो, पुन्हा बुडवतो आणि त्यांना दाखवतो. मगच ते आत बसतात.