श्वानांच्या दंतारोग्यासाठी समुद्री शेवाळाची भुकटी : उपयोग, मर्यादा व दक्षता

तंजावूर जिल्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीसाठी प्रसिद्ध आहे. या जिल्ह्याला पाल्कच्या उपसागराचा किनाराही लाभला आहे. तेथील सेतुभावाछत्रम परिसरात, तसेच शेजारच्या पुदुकोट्टई व रामनाथपुरम जिल्ह्यांत ‘कप्पाफायकस’ या लाल समुद्री शेवाळाची लागवड केली जाते. समुद्री शेवाळाचा अर्क जैव-उत्तेजक म्हणून आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. हेच नाव आता श्वानांच्या दातांसाठी विकल्या जाणाऱ्या पूरक भुकट्यांच्या डब्यांवरही दिसू लागले आहे. त्यामुळे दोन प्रश्न उपस्थित होतात. या भुकटीने दात स्वच्छ राहतात व तोंडाची दुर्गंधी जाते, हा दावा कितपत खरा आहे? आणि शेतीसाठी घरात असलेली शेवाळाची भुकटी श्वानास देता येईल काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

पशुआरोग्याच्या अभ्यासाची परंपरा तंजावूरला नवी नाही. 1676 ते 1855 या काळात येथे भोसले घराण्याचे राज्य होते. सरफोजी राजे दुसरे यांनी समृद्ध केलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात अश्वशास्त्र व गजशास्त्र या विषयांवरील सचित्र हस्तलिखिते जतन केलेली आहेत. आज याच जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे तामिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय कार्यरत आहे. तामिळनाडूतील राजापालयम व चिप्पीपराई आणि कर्नाटकातील मुधोळ या श्वानजातींची करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे अधिकृत नोंदणी झालेली आहे. शेताची व कळपाची राखण करणारा श्वान हे शेतकऱ्याचे पशुधनच होय, आणि त्याच्या दातांकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

दुर्गंधी कशी निर्माण होते?

प्रौढ श्वानास 42 दात असतात. दात स्वच्छ केल्यानंतर 24 तासांच्या आत त्यांवर जिवाणूंचा मऊ, चिकट थर बसू लागतो. यास दंतलेप म्हणतात. लाळेतील कॅल्शियमचे क्षार या लेपात साचून दोन ते तीन दिवसांत तो टणक होऊ लागतो. हेच पिवळट-तपकिरी किटण होय. श्वानाची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्याने त्याच्या दातांना कीड क्वचितच लागते, परंतु किटण मात्र लवकर जमते. किटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा लेप सहज चिकटतो. जिवाणू हिरडीखाली शिरतात, हिरडी सुजते, दाताचा आधार झिजतो व दात हलू लागतो.

हे जिवाणू प्रथिनांचे विघटन करतात, तेव्हा हायड्रोजन सल्फाइड व मिथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त वायू तयार होतात. तोंडाच्या दुर्गंधीचे प्रमुख कारण हेच आहे. म्हणून दुर्गंधी हे लक्षण आहे, रोग नव्हे. पुदिना किंवा अन्य सुवासिक घटक घातलेली भुकटी वास काही काळ झाकते. हिरडीखालील रोग मात्र तसाच वाढत राहतो. मूत्रपिंडाचे विकार व मधुमेह यांतही श्वासास वेगळा वास येतो, हे लक्षात ठेवावे.

भुकटीतील घटक व त्यांचे कार्य

1. तपकिरी समुद्री शेवाळ : दातांच्या भुकट्यांत प्रामुख्याने ‘अॅस्कोफिलम नोडोसम’ ही उत्तर अटलांटिक किनाऱ्यावरील प्रजाती वापरतात. पोलंडमध्ये 60 श्वानांवर 90 दिवस घेतलेल्या व 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, हे शेवाळ घातलेला खाऊ दिलेल्या गटात दंतलेप, किटण व गंधकयुक्त वायू यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले. मात्र या श्वानांचे दात चाचणीपूर्वी पशुवैद्यकाने स्वच्छ केलेले होते. अर्थात, स्वच्छ दातांवर नवे किटण जमण्याचा वेग मंदावला, एवढाच निष्कर्ष यातून काढता येतो. जुने, जाड किटण भुकटीने गळून पडते असा अर्थ काढू नये.

2. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट : हा घटक लाळेतील कॅल्शियमला बांधून ठेवतो. त्यामुळे दंतलेपाचे किटणात रूपांतर होण्याचा वेग कमी होतो. दंतलेप मात्र तो काढत नाही.

3. विकरे व उपयुक्त जिवाणू : काही उत्पादनांत हे घटक असतात. त्यांचा परिणाम उत्पादनागणिक भिन्न असल्याने केवळ घटकाच्या नावावरून खरेदी करू नये.

उत्पादन पारखताना अमेरिकेतील पशु दंतारोग्य परिषदेचे मानचिन्ह उपयोगी पडते. दोन चाचण्यांत दंतलेप किंवा किटण यांत सरासरी किमान 20 टक्के घट दिसल्याशिवाय हे चिन्ह मिळत नाही. चांगल्या उत्पादनाकडूनही किती अपेक्षा ठेवावी, याची कल्पना या आकड्यावरून यावी.

शेतीसाठीचे शेवाळ श्वानास का देऊ नये?

पहिले कारण प्रक्रियेचे आहे. पिकांसाठीची विद्राव्य शेवाळ भुकटी बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलीच्या साहाय्याने तयार करतात. ती खाद्य म्हणून तपासलेली नसते.

दुसरे कारण प्रजातीचे आहे. किनाऱ्यावर लागवड होणारे कप्पाफायकस हे लाल शेवाळ असून ते कॅरॅगीनन या पदार्थासाठी घेतले जाते. ‘अॅस्कोफिलम’चे निष्कर्ष त्यास लागू होत नाहीत. तामिळनाडूच्या तसेच कोकणच्या किनाऱ्यावर आढळणारे ‘सरगॅसम’ हे शेवाळ तपकिरी असले तरी ते आर्सेनिक साठवून ठेवू शकते. वाहून आलेले शेवाळ वाळवून घरी भुकटी करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

तिसरे कारण आयोडीनचे आहे. उदाहरणादाखल, एका भुकटीत प्रतिकिलो 500 मिलिग्रॅम आयोडीन आहे असे धरू. अशा 1 ग्रॅम भुकटीतून 0.5 मिलिग्रॅम आयोडीन मिळते. दिवसाला सुमारे 1000 किलोकॅलरी आहार घेणाऱ्या मध्यम आकाराच्या श्वानाची गरज सुमारे 0.25 मिलिग्रॅम असते. म्हणजे 1 ग्रॅमातच दुप्पट, तर चहाच्या एका भरलेल्या चमच्यातून, म्हणजे 5 ग्रॅमातून, दहापट आयोडीन पोटात जाते. दीर्घकाळ असे दिल्यास अवटू ग्रंथीचे कार्य बिघडू शकते. म्हणून श्वानांसाठीच्या भुकटीसोबत दिलेल्या मापानेच, वजनानुसार मात्रा द्यावी. अवटू ग्रंथीचा विकार असलेल्या श्वानास ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

घरगुती उपायांविषयीही हाच इशारा आहे. मिश्रीत तंबाखू असते व निकोटीन श्वानास विषारी आहे. माणसांच्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असते, काहींत झायलिटॉलही असते. झायलिटॉलमुळे श्वानाच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटते. लसूण व कांदा यांची भुकटीही वर्ज्य समजावी.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने

दात व कीटक यांचा संबंध दोन ठिकाणी येतो. पिसवांमुळे खाज सुटलेला श्वान आपली कातडी पुढच्या दातांनी सतत कुरतडतो व ते दात झिजतात. असे झिजलेले दात दिसल्यास भुकटी सुचवण्यापूर्वी अंगावरील केस बाजूला करून पिसवा व त्यांची काळी विष्ठा शोधावी.

दुसरा संबंध अधिक गंभीर आहे. ‘क्रायसोमिया बेझियाना’ ही माशी जिवंत प्राण्याच्या जखमेवर किंवा ओलसर नैसर्गिक छिद्रांच्या कडेवर एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. साधारण एका दिवसात अळ्या बाहेर पडतात व जिवंत मांसात शिरतात. हिरड्या सडलेल्या, तोंड उघडे ठेवणाऱ्या अशक्त श्वानाच्या तोंडातही अशा अळ्या पडतात. येथे प्रत्येक दिवस मोलाचा असतो. भुकटी, फिनाईल किंवा पिकावरील कीटकनाशक यांपैकी काहीही तोंडात न घालता श्वानास तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.

एकात्मिक व्यवस्थापन

पिकांवरील किडींबाबत आपण केवळ फवारणीवर विसंबत नाही. दातांबाबतही तेच तत्त्व उपयोगी पडते.

• निरीक्षण : पाळीव, लसीकरण झालेल्या व शांत श्वानाचा ओठ आठवड्यातून एकदा वर उचलून हिरड्यांचा रंग, किटण व रक्तस्राव पाहावा.
• यांत्रिक उपाय : श्वानांसाठीची पेस्ट व मऊ ब्रश वापरून शक्यतो दररोज दात घासावेत. दंतलेप दोन-तीन दिवसांत टणक होत असल्याने आठवड्यातून एकदा घासणे पुरेसे ठरत नाही.
• आहार : टणक हाडे, शिंगे व खूर चावण्यास देऊ नयेत. वरच्या जबड्यातील मोठी दाढ त्यामुळे तुटते.
• पूरक उपाय : भुकटी नियमित द्यावी. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात.
• हस्तक्षेपाची पातळी : हिरडीतून रक्त, हलणारा दात, एकाच बाजूने चावणे, डोळ्याखाली सूज किंवा खाणे सोडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास भुकटीची वेळ निघून गेली असे समजावे. भूल देऊन केलेली दंतस्वच्छता व आवश्यक तेथे दात काढणे हाच उपाय होय.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

लाळ गळणे, गिळता न येणे, जबडा लोंबणे ही लक्षणे दंतविकाराची वाटली तरी ती रेबीजचीही असू शकतात. अशा श्वानाच्या तोंडात कोणत्याही परिस्थितीत हात घालू नये. लसीकरणाची माहिती घ्यावी, श्वानास वेगळे ठेवावे व पशुवैद्यकास कळवावे. चावा किंवा जखमेवर लाळेचा संपर्क झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालय गाठावे.

भुकटीविषयी सल्ला देताना चार गोष्टी तपासाव्यात : शेवाळाच्या प्रजातीचे नाव, आयोडीनचे प्रमाण, वजनानुसार मात्रा आणि उत्पादन श्वानांसाठीच असल्याचा उल्लेख. यांपैकी एकही बाब लेबलवर नसेल, तर ते उत्पादन न घेण्याचा सल्ला द्यावा. कीटकनाशकाचे लेबल वाचण्याची जी सवय आपण शेतकऱ्यांस लावली, तीच येथेही उपयोगी पडेल.