चढत्या पाण्यातला वॉलाय

(विस्कॉन्सिनमधलं ॲपल्टन, एप्रिलचा पहिला आठवडा. मॅडिसनला शिकणारी केतकी मामाकडे आली आहे. मामा मूळचे माणगावचे. गॅरेजमध्ये स्टुलावर बसून गळ बांधताहेत.)

केतकी : मामा, फ्रीमाँटला वुल्फ नदी काठाबाहेर आलीय म्हणे. असल्या गढूळ, फुगलेल्या पाण्यात गरवायला कोण जातं?

मामा : निम्मा जिल्हा जातो. एरवी ज्याला गरी कुठल्या बाजूनं धरायची ते कळत नाही, तोही एप्रिलमध्ये जातो. वॉलाय मासा चढतोय ना!

केतकी : चढतोय म्हणजे कुठून कुठे?

मामा : विनेबेगो तळ्यातून वर. तळं म्हणायचं, पण विस्तार साडेपाचशे चौरस किलोमीटरच्या वर आणि सगळ्यात खोल जागी पाणी जेमतेम साडेसहा मीटर. उथळ, खाद्यानं भरलेलं. मासा पोसायला झकास. पण अंडी घालायला त्यातल्या कितीतरी माशांना नदी लागते. बर्फ सुटायला लागलं की ते ब्यूट दे मोर, विनेकॉनी, पॉयगन ही तळी ओलांडून वुल्फमध्ये शिरतात. काही तर शंभर मैलांपर्यंत वर जातात. थेट शवानोपर्यंत वाटेत एकही धरण आडवं नाही, हे त्यांचं नशीब.

केतकी : अरे, ही तर आपली वलगण! आजोबा सांगायचे, पहिला पाऊस धो धो लागला की मासे ओहोळातून थेट भाताच्या खाचरात.

मामा : बरोबर. तिथे जूनचा पाऊस, इथे बर्फाचं पाणी आणि वर एप्रिलच्या सरी. तिथे खाचर, इथे नदीकाठची दलदल. फरक एवढाच, की वलगणीला आपण पाग टाकायचो, काठी हाणायचो, हातानंही धरायचो. इथे तसलं काही करशील तर मासेही जातील आणि दंडही बसेल. इथे गरीच, आणि तीही तोंडात लागलेली. पोटाला किंवा शेपटीला अडकला तर मुकाट सोडून द्यायचा.

केतकी : पण दलदलीत कशाला? मी तर ऐकलं होतं, वॉलाय दगडगोट्यांवर अंडी घालतो.

मामा : बहुतेक ठिकाणी तसंच. वुल्फचा मासा मात्र गवतावर घालतो. काठालगतच्या सखल कुरणांत पाणी शिरलं की गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत आडवं होऊन त्याची गादी तयार होते. पाणी साधारण सहा ते नऊ अंश सेल्सिअसला आलं की रात्रीच्या अंधारात मादी तिथे येते, चार-पाच नर तिला खेटून, आणि गुडघाभर पाण्यात नुसती खळबळ. घरटं नाही, राखण नाही. एकेक मादी लाखाच्या वर अंडी टाकते नि निघून जाते. अंडं केवढं? फार तर दोन मिलिमीटर. सुरुवातीला चिकट असतं, म्हणून गवताला धरून राहतं. खाली चिखलात पडलं तर गुदमरून मेलं.

केतकी : आणि गवतावर राहिलं की वाचलं?

मामा : थांब, अजून दोन विघ्नं आहेत. एक, त्या कुरणातून पाणी वाहतं असायला हवं, एका तोंडानं आत, दुसऱ्या तोंडानं बाहेर. साचलेल्या डबक्यात प्राणवायू कुठला? दुसरं, पिल्लू बाहेर पडायला दोन-तीन आठवडे लागतात. गारठा असेल तर जास्तच. तेवढ्यात नदी उतरली तर गवत उघडं पडतं आणि अंडी वाळून जातात. मी पाहिलंय ते. काठावरच्या गवतावर खसखस सांडल्यासारखं दिसतं, आणि पक्षी ती टिपत असतात.

केतकी : बाप रे. आणि पिल्लू निघालं की?

मामा : त्याच्या पोटाला बलकाची शिदोरी असते, ती तीन-चार दिवसांची. तेवढ्यात प्रवाहानं त्याला खालच्या तळ्यांत नेऊन सोडायला हवं, कारण त्याच्या तोंडात मावतील असे सूक्ष्म जीव तिथे मुबलक. स्वतः पोहण्याची ताकद त्याला नाही. पाणी ढिलं पडलं तर पोर वाटेतच उपाशी मरतं. म्हणून ज्या वर्षी नदी वेळेवर चढते आणि चढलेली टिकते, त्या वर्षीची पिढी दणदणीत निघते. ती मोठी होऊन गळाला लागते तीन-चार वर्षांनी. लोक मात्र तेव्हा नव्या बोटीला श्रेय देतात.

केतकी : म्हणजे पूर माशाला मानवतो. मग गरवणाऱ्याला?

मामा : त्याला अजिबात नाही! बाजारातल्या आमिषांच्या पाकिटावर हे कोणी छापत नाही. पाणी भराभर चढत असतं तेव्हा मासा पसरतो. काल जो नदीच्या पात्रात, ठरलेल्या वळणावर बसला होता, तो आज झाडीत, कुरणात, बोट जाणार नाही अशा जागी असतो. शिवाय नवं पाणी बर्फाचं. त्यानं नदी एखाद-दोन अंशांनी गार झाली की माशाची भूक मरते. त्यात पालापाचोळा, फांद्या. दर दोन मिनिटांनी दोर ओढायचा नि गरीवरचा कचरा काढायचा.

केतकी : तरी तू जातोसच.

मामा : जातो, पण जागा बदलून. चढत्या पाण्यात नदीच्या मध्याकडे बघायचंच नाही. मध्यावर धार जोरात असते, आणि मासा काही व्यायाम करायला आलेला नसतो. तो धारेच्या कडेला सरकतो. वळणाची आतली बाजू, पडलेल्या झाडामागचा शांत पट्टा, जिथे पाणी उलटं फिरतं ती जागा. धार नि संथ पाणी यांच्या मधली शिवण पाण्यावर दिसते, फेस नि काड्या एका रेषेत चालतात बघ. त्या रेषेच्या आत टाकायचा. काठापासून दोन हातांवर, चार फुटांतसुद्धा मासा मिळतो, आणि लोक मारे मध्यात नांगर टाकून बसतात.

केतकी : आणि दलदलीतून पाणी जिथे परत नदीला मिळतं?

मामा : शाब्बास! सगळ्यात मोक्याची जागा तीच. कुरणात फिरून आलेलं पाणी गवतात गाळून येतं, ते जरा निवळ असतं. गढूळ नदीला ते जिथे मिळतं तिथे रंगाची उभी रेघ दिसते. त्या रेघेवर वॉलाय दबा धरून असतो.

केतकी : त्याला गढूळ पाण्यात दिसतं तरी कसं?

मामा : इतरांपेक्षा बरं दिसतं, हीच तर त्याची मेख. त्याच्या डोळ्यामागे मांजरासारखा परावर्तक थर असतो. बॅटरी मारलीस तर डोळे चकाकतात. अंधुक उजेडात छोट्या माशांना समोरचं दिसत नाही, ह्याला दिसतं. म्हणून झुंजूमुंजू, तिन्हीसांजा किंवा ढगाळ दिवस. पण पार चहासारखं पाणी झालं की त्याचेही डोळे चालत नाहीत. मग अंगाला जाणवणाऱ्या हालचालीवर नि वासावर भिस्त. तेव्हा आमिष सावकाश हलवायचं, त्याच्या नाकापुढून न्यायचं. रंग भडक ठेवायचा, नारिंगी किंवा पोपटी. रंगावर लोक तासन् तास वाद घालतात. मला विचारशील तर जागा चुकली की कुठलाही रंग सारखाच.

केतकी : हे काय बांधतोयस?

मामा : ह्याला इथे वुल्फ रिव्हर रिग म्हणतात. हे तीन कड्यांचं स्विव्हल. एका कड्याला काठीकडून आलेला दोर. दुसऱ्याला वीतदीड वीत दोर आणि त्याच्या टोकाला शिसं. तिसऱ्याला हातभराचा दोर, त्याला गरी, पिसांची माशी आणि जिवंत मिनो, म्हणजे आमिषाची छोटी मासोळी. शिसं तळाला टेकतं, आमिष तळापासून थोडं वर, धारेत थरथरत राहतं. गाठ मारताना दोर आधी ओला कर, कोरडा आवळला की जळतो.

केतकी : शिसं केवढं?

मामा : नदी सांगेल तेवढं. एरवी अर्धा औंस पुरतो. आज दोन लागेल, कदाचित तीन. परीक्षा सोपी आहे. शिसं तळाला टेकून थांबलं पाहिजे, आणि काठीचं टोक उचललं की फूटभर सरकून पुन्हा थांबलं पाहिजे. सरकतच राहिलं तर हलकं, हललंच नाही तर जड. शिशाखालचा दोर जरा कमजोर ठेवतो. खोडात अडकला तर शिसं जावं, बाकीचं परत यावं.

केतकी : बोट काढायची की तराफा?

मामा : तराफा. आम्ही चौघांनी मिळून बांधलाय. पिंपांवर तरंगणारी खोली, आत शेगडी, जमिनीत चौकोनी भोक. खुर्चीवर बसून, चहा पीत गरवायचं. बोटवाले हसतात, पाऊस आला की आत येऊ का विचारतात. आणि ह्या पाण्यात बोट मला नकोच. ओंडके वाहत येतात, पाणी इतकं गार की पडलं तर हातपाय चालायचे थांबतात. तराफ्यावरही लाइफ जॅकेट घालायचं, आताच सांगून ठेवतो.

केतकी : मिळेल ते सगळं घरी आणायचं?

मामा : मर्यादेत, आणि नर. नर आधी येतात, बरेच दिवस तिथेच घुटमळतात, आकारानं बेताचे आणि कालवणाला उत्तम. मोठी पोटुशी मादी मी सोडतो. कायदा सगळीकडे तसं सांगत नाही, पण तिच्या पोटातली पिढी मला नंतर हवीय.

केतकी : मी नदीचे आलेख उघडलेत फोनवर. वरती लँगलेडला पाणी उतरायला लागलंय. शवानोला सपाट झालंय. न्यू लंडनला अजून चढतंय.

मामा : मग सांग, कधी जायचं?

केतकी : वरचं पाणी खाली पोचायला काही दिवस लागणार... म्हणजे फ्रीमाँटला अजून दोन-तीन दिवस चढतच राहणार. उद्या मासा कुरणात असेल. उतरायला लागलं की तो बाहेर पडेल आणि त्या तोंडांशी गोळा होईल. तेव्हा.

मामा : आणि तोवर अंडी टाकून मोकळा झालेला असेल तर भुकेलाही असेल. परतीच्या वाटेवरचा वॉलाय अधाशासारखा खातो. पण पाणी सावकाश उतरू दे म्हणावं, धाडकन नको. आपल्यालाही नको नि त्या अंड्यांनाही नको.

केतकी : मग उद्या सुट्टी?

मामा : सुट्टी कसली! उद्या तराफ्याचे दोर सैल करायला जायचंय. झाडाला आखूड बांधलेत, पाणी आणखी फूटभर चढलं तर एका बाजूनं बुडेल. गमबूट मामीचे घाल, तुझे ते पांढरे बूट नकोत.